प्युअर व्हेज आहे, मॅडम!

आमचं कन्यारत्न नोकरीसाठी पुण्याला गेलं आणि वर्षभरात वीगन होऊन परत आलं. म्हणजे दूध, दही, तूप, पनीर, मध सगळं बंद. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे मला प्रश्न पडला की हिने सोडण्यासारखं आता राहिलं होतं तरी काय! नातेवाईकांनी काय काय सल्ले दिले ते इथे लिहीत नाही. त्यातले बरेच जण हे वाचणार आहेत. :)

तर मागे पुण्याला गेले होते तेव्हा तिने मला मोठ्या हौसेने एका वीगन कॅफेत नेलं. तिथे 'रॉ फूड' मिळतं म्हणे. रॉ म्हणजे चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या वर काही तापवायचं नाही. समोर आल्या झुकिनीच्या लांबलांब पट्ट्या, त्यांना म्हणायचं नूडल्स. वर काजूचा थंडगार लगदा, त्याला म्हणायचं चीज. पिझ्झाचा बेस जवस वाटून, वाळवून केलेला. चावता चावता माझी दाढ दुखायला लागली. बिल आमच्या आठवड्याच्या भाजीएवढं. लेक म्हणाली, "छान होतं ना आई?" मी म्हटलं, "हो, हलकं होतं." बाहेर पडल्यावर कोपऱ्यावर भाजलेल्या शेंगांची गाडी दिसली आणि दोघींचीही पावलं आपोआप तिकडे वळली. काय समजायचं ते आम्ही दोघी समजलो.

मला राग कशाचा आला? कच्चं खाण्याचा नाही. चैत्रात आपण आंब्याची डाळ करतो, ती तरी काय असते? भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कैरी, मिरची, वर तेलाची फोडणी. डाळ कच्चीच. मेथीचा घोळाणा, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, मोडाची मटकी. हे सगळं सोडून झुकिनीच का? आणि 'आरोग्याला चांगलं' म्हटलं की बेचव असायची सूट मिळते का?

मग दिवाळीत ती घरी आली, तेव्हा आपल्या संभाजीनगरात जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात गेलो. मेनूकार्डात निम्मं पनीर. लेकीने वेटरला नीट समजावलं की तूप, बटर, क्रीम, दही काही नको. तो म्हणाला, "काळजीच करू नका मॅडम, प्युअर व्हेज आहे!" डाळ आली, वर बटरचा गोळा पोहत होता. तो म्हणाला, "वरून काढून देतो."

खरं तर तो त्याच्या हिशोबाने खोटं बोलत नव्हता. आपल्याकडे शाकाहारात दूध आलंच. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही दुधाला चालतो. दूध न घेणाऱ्यांना वेगळा शब्द हवा म्हणून तर इंग्लंडमध्ये १९४४ साली 'वीगन' शब्द निघाला. आपल्या एफएसएसएआयनेही २०२१ मध्ये वीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह आणलं, २०२२ मध्ये नियम केले. पण ते चिन्ह पाकिटावर. ताटात काय आहे हे वाढणाऱ्याच्या शब्दावरच कळणार.

आणि इथेच माझी पंचाईत झाली. वेटर "काही नाही त्यात" म्हणाला तेव्हा लेकीने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. कारण आदल्याच दिवशी मी वरणाला तुपाची फोडणी दिली होती. पोरगी वाळलीय, चमचाभर तुपाने काय होतंय, असं मनाशी म्हणत. तिने विचारलं, "आई, तूप आहे का गं यात?" मी म्हटलं, "नाही गं बाई." ती दोन घास खाऊन उठली होती. तिला वासावरूनच कळलं होतं.

त्या कॅफेला मी इतकी नावं ठेवली, पण तिथल्या मुलीने प्रत्येक पदार्थात काय आहे ते विचारायच्या आधी सांगितलं होतं. जेवण बेचव, पण शब्द खरा. इथे जेवण चविष्ट आणि शब्द पोकळ. आणि आमच्या घरी प्रेमाच्या नावाखाली तेच. "मग घरीच खावं ना," असं म्हणणाऱ्यांना सांगते, घरही काही भरवशाचं नव्हतं.

डिसेंबरात शहराबाहेरच्या एका शेतावर हुरड्याला गेलो होतो. तिथल्या मावशींनी वीगन हा शब्दही ऐकलेला नव्हता. लेक एवढंच म्हणाली, "मला दूध-दही-तूप चालत नाही." मावशी म्हणाल्या, "मग बाई, ह्या भाकरींना तूप लावलंय, तुझी दुसरी टाकते. ठेचा, दाण्याची चटणी, भरीत, सगळं तेलातलं आहे, पोटभर खा." तिने खरंच पोटभर खाल्लं. किती दिवसांनी तिला निवांत जेवताना पाहिलं मी.

हॉटेलवाल्यांकडून माझं मागणं मावशींपेक्षा जास्त नाही. झुकिनी नको, काजूचं चीज नको. ज्वारीची भाकरी, पिठलं, येसराची आमटी करा, आणि विचारलं तर खरं सांगा.

आमच्याकडे आता वरण तेलाच्या फोडणीचं होतं. तुपाची वाटी टेबलावर असते, ज्याचं त्याने वाढून घ्यावं. पहिल्या दिवशी लेकीने विचारलं, "आई, नक्की?" मी फोडणीची कढई तिच्या नाकाशी नेली. ती हसली. पण वास मात्र घेतलाच.