परदेशांतील कार्ड आणि न दिसणारा बट्टा

आमच्या वडील वहिनी लवकरच प्राग येथें आपल्या मुलाकडे जावयाच्या आहेत. वय ७१. विमानाचें तिकीट निघालें, मेतकूट दळून आलें, आणि परवां रात्रीं जेवणें उरकल्यावर तीन-चार बँकांचीं माहितीपत्रकें घेऊन त्या माझ्यापुढें येऊन बसल्या. "भावोजी, यांतलें कोणतें कार्ड घ्यावें तें तुम्हींच सांगावयाचें. मागचें पाप तुमचें आहे."

तें पाप वाचकांस सांगितल्यावांचून पुढील विवेचन नीट समजणार नाहीं. २०२४ सालीं मी सहकुटुंब त्याच पुतण्याकडे गेलों होतों. निघतांना वहिनींनीं आपल्या निवृत्तिवेतनांतून साठविलेले ३०,००० रुपये माझ्या खात्यांत घातले आणि नातवाला सायकल घेऊन देण्यास सांगितलें. सायकल एका शेजाऱ्याकडे वापरलेली, पण चांगली अशी मिळाली. त्याला मात्र रोख रक्कम हवी होती. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघांत असलें तरी तेथें युरो नव्हे, कोरुना चालतो. शहराच्या जुन्या भागांतील एका चौकांत पैसे देणारें यंत्र दिसलें. मीं कार्ड घालून ८,००० कोरुना मागितले. यंत्रानें विचारलें, हिशेब रुपयांत करूं काय? आपल्या नाण्यांतला आंकडा कळलेला बरा, अशा समजुतीनें मीं होकार दिला. खात्यांतून ३२,२०० रुपये गेले. त्या दिवसाच्या बाजारभावानें ती रक्कम सुमारें २८,८०० होत होती! पडद्यावर सारें लिहिलेलें होतें. ३,४०० रुपये मीं राजीखुशीनें दिले. घरीं आल्यावर "सायकल जरा महाग पडली" एवढेंच सांगितलें. वरचे पैसे माझे मीं सोसले. दिवा मात्र घ्यावयाचा राहिला. पुढें खातेपुस्तक वहिनींच्या हातीं पडलें. त्या रागावल्या नाहींत. "मला त्याच दिवशीं कां नाहीं सांगितलेंत?" एवढेंच म्हणाल्या, आणि तें अधिक लागलें.

परमुलुखांत पैसा नेणें ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाहीं. काशीयात्रेस जाणारा गृहस्थ रोकड न नेतां हुंडी नेत असे, आणि तीवर हुंडणावळ देत असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नाण्यांवर रूपिक म्हणून शेंकडा आठ, व्याजी म्हणून शेंकडा पांच आणि पारखणावळ म्हणून शेंकडा एक-अष्टमांश असे तीन निरनिराळे आकार सांगितले आहेत. एकाच पैशावर तीन नांवांनीं तीनदां वसुली करण्याची ही युक्ति दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाहीं.

कार्डाची वार्षिक वर्गणी पत्रकावर ठळक छापलेली असते, म्हणून आपण तीच पाहतों. खरा खर्च निराळा आहे. परकीय चलनांतील प्रत्येक खरेदीवर बँक 'मार्कअप' नांवाचा आकार घेते. आपल्याकडील पुष्कळशा कार्डांवर तो शेंकडा साडेतीन असतो आणि त्या आकारावर पुन्हां १८ टक्के जीएसटी. म्हणजे एक लाखाच्या खरेदीवर ४,१३० रुपये. कांहीं कार्डांवर मार्कअप दोन टक्के असतो. तेथें हाच आंकडा २,३६० होतो. परंतु अशा एखाद्या कार्डाची वर्गणी करासह ५,९०० रुपये असली तर? लाखामागें वांचतात १,७७०. तेव्हां वर्षांत सुमारें ३,३३,००० रुपये परदेशांत खर्चावे तेव्हां कोठें वर्गणी फिटणार. वहिनींचा एकंदर बेत दीड लाखाचा. हें गणित मांडतांच दोन पत्रकें आपोआप बाजूस पडलीं.

तिसरें पत्रक आगाऊ पैसे भरावयाच्या प्रवासी कार्डाचें होतें. त्यांत परकीय चलन आधींच विकत घेऊन ठेवतात, त्यामुळें पुढें भाव चढला तरी चिंता नाहीं. हा गुण खराच. परंतु भरतेवेळीं बँक जो भाव लावते त्यांतच तिचा नफा मिसळलेला असतो. बाजारभावाशीं ताडून पाहिल्याशिवाय तो दिसत नाहीं. शिवाय त्या पत्रकांतील चलनांत कोरुना नव्हता. युरो भरून कोरुनांत खर्च करावा तर चलनबदलाचा आकार पुन्हां निराळा. लंडनला किंवा पॅरिसला जाणारांनीं या कार्डाचा विचार अवश्य करावा. प्रागच्या प्रवाशाला तें सोईचें नाहीं.

राहिलें चौथें. मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारें, वर्गणी नसलेलें आणि मार्कअपहि नसलेलें क्रेडिट कार्ड. पेन्शनराला क्रेडिट कार्ड देतांना बँका कुरकुरतात. ठेव ठेवली म्हणजे ती अडचण दूर होते. वहिनींनीं तेंच पसंत केलें. मात्र क्रेडिट कार्डावर रोख रक्कम सहसा काढूं नये. व्याज त्याच दिवसापासून सुरू होतें. रोखीकरितां त्यांचें जुनें डेबिट कार्ड बरोबर राहील. प्रत्येक वेळीं ठराविक आकार पडतो, म्हणून चार वेळां थोडें थोडें न काढतां एकदांच बेतानें काढावें. आणखी एक. २०२० सालापासून नवीं कार्डें परदेशी वापरासाठीं बंद ठेवूनच देतात. निघण्यापूर्वीं बँकेला सांगून तो वापर सुरू करून घ्यावा लागतो. हीं दोन्हीं कार्डें एकाच पाकिटांत ठेवूं नयेत, हें वहिनींना सांगण्याची गरज नव्हती. त्यांनीं पिशवी आधींच शिवून ठेवली होती!

आतां त्या यंत्राविषयीं. दुकान असो वा रोख देणारें यंत्र, "रुपयांत कीं येथल्या चलनांत?" असें विचारलें कीं उत्तर एकच : येथल्या चलनांत. रुपये निवडले कीं भाव यंत्राचा मालक ठरवितो, आणि शून्य मार्कअपच्या कार्डाचा सारा उपयोग तेथेंच संपतो. कांहीं बँका तर अशा रुपयांतल्या व्यवहारावरहि आपला आकार वेगळा लावतात. नकाराचें बटण दाबलें म्हणजे पैसे मिळणारच नाहींत, अशी भीति मला त्या दिवशीं वाटली होती. ती खोटी आहे. नकार रूपांतराला असतो. पैसे बाहेर येतातच.

वहिनींनीं हें सर्व शांतपणें ऐकलें, एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत 'कोरुना' एवढाच शब्द लिहिला आणि ती कार्डाभोंवतीं गुंडाळून ठेवली. मग सायकलीच्या दिव्याचे पैसे माझ्याकडून रोख मागून घेतले.