‘बँक.इन’ची चावी कुणाकडे?

बीडमध्ये व्हॉट्सॲपवर बँकेची लिंक आली की मी आता आधी पत्त्याची शेपटी बघतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘.बँक.इन’वर जायला सांगितलं होतं.

साधं ‘.इन’ नाव कुणालाही मिळतं. त्याची रजिस्ट्री, म्हणजे नावांची मुख्य वही, निक्सी ही संस्था सांभाळते. नाव मोकळं असेल तर पैसे भरा आणि घ्या. ‘.बँक.इन’ मात्र फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटीकडून मिळतं, आणि ही संस्था रिझर्व्ह बँकेनेच उभी केलीय. परवाना देणारा आणि नाव देणारा एकाच घरातले. मला ही रचना पटते.

फक्त बँकच्या आधीचं टिंब नीट बघा हं! ‘अमुक.बँक.इन’ वेगळं, ‘अमुक-बँक.इन’ वेगळं. दुसरं साधं ‘.इन’ नाव आहे, ते कुणीही घेऊ शकतं.

आता आपल्या जिल्ह्याचं. ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवीदारांचे पैसे अडकले, पण ती बँक नव्हतीच, पतसंस्था होती. मल्टिस्टेटची नोंदणी केंद्रीय निबंधकांकडे असते, रिझर्व्ह बँकेकडे नाही. म्हणून त्यांना ‘.बँक.इन’ नाही. मग त्यांच्यासाठी वेगळा कप्पा काढावा का? माझ्या मते काढावा, पण चावी निबंधकांकडेच हवी, म्हणजे नोंदणी रद्द झाली की त्याच दिवशी नावही बंद. तपासणी मात्र आधी कडक व्हायला हवी, नाहीतर सरकारी वाटणारं नाव बघून लोक आणखी बिनधास्त ठेवी ठेवतील.