श्रद्धा दाराबाहेर ठेवायची का?

मागच्या वर्षी आमच्या संस्थेने वस्तीतल्या बायकांचे दोन दिवसांचे शिबिर घेतले. पहिल्या दिवशी दुपारी ‘मी कशी उभी राहिले’ असे सत्र होते. गोलात बसून एकेक जण आपली हकिगत सांगत होती. चाळिशीची, धुणीभांडी करणारी एक बाई बोलायला उठली. नवऱ्याची दारू, रोजचा मार, एकदा जीव द्यायला निघाली होती तो दिवस, सगळे तिने न रडता सांगितले. मग म्हणाली, “शेजारणीनं मला प्रार्थनेला नेलं. मी पण कुणाची तरी लेक आहे, हे तिथं पहिल्यांदा कळलं. मला येशूनं उभं केलं.”

सत्र चालवणारी आमची कार्यकर्ती हसून म्हणाली, “ताई, येशूनं नाही हं. तुमच्या तुम्हीच उभ्या राहिलात!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई खाली बसली. शिबिर संपेपर्यंत ती पुन्हा बोलली नाही.

मी त्या गोलातच बसले होते. मी ख्रिस्ती आहे, जन्माने आणि विश्वासानेही. एमएसडब्ल्यू होऊन मला बारा वर्षे झाली, बायकांचे ऐकून घेणे हेच माझे काम. तरीही मी गप्प बसले. कार्यकर्तीचा हेतू चांगला होता. बाईने आपल्या ताकदीचे श्रेय दुसऱ्याला देऊ नये असे तिला वाटले. पण त्या एका वाक्याने आपण त्या बाईची हकिगत तिच्याकडून काढून घेतली आणि आपल्याला सोयीची करून तिला परत दिली. ते कळत असून मी बोलले नाही, कारण मग माझ्याबद्दलही सांगावे लागले असते. ते आज सांगते.

माझे माहेर नगर जिल्ह्यातले, आताच्या अहिल्यानगरमधले. घरात रविवारची उपासना आणि रात्रीची प्रार्थना कधी चुकली नाही. लग्न चर्चमध्येच, चांगल्या ‘विश्वासी’ घरात झाले. पहिल्या वर्षातच हात उचलला गेला. मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी माझे शांतपणे ऐकून घेतले आणि क्षमा कर, प्रार्थना कर, नवऱ्याच्या अधीन राहा, असे सांगितले. येशूने सात वेळा नव्हे, सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगितले आहे याची आठवणही करून दिली. मी घरी परत गेले. दिवसा केंद्रात बसून दुसऱ्या बायकांचे अर्ज लिहायचे आणि संध्याकाळी घरी मार खायचा, असे मी तीन वर्षे केले. घरातला हिंसाचार कसा ओळखावा याची व्याख्याने देणारी मी, स्वतःच्या दंडावरचे वळ बाहीखाली झाकत होते.

घर सोडले तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. बाहेर पडायचे बळ मला चळवळीतल्या मैत्रिणींनी दिले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे. त्याच्या आधारे संरक्षणाचा आदेश मिळाला. हे ऋण मी कधी विसरणार नाही.

पण कोर्टाचा आदेश हातात आला तरी रात्री झोप येत नव्हती. आपण टाकाऊ आहोत, आपल्यातच काही कमी होते म्हणून असे झाले, हे मनातून जात नव्हते. ‘ही पितृसत्ता आहे, यात तुझा दोष नाही’ हे मला तोंडपाठ होते. इतरांना मी ते रोज सांगत होते. स्वतःला पटत नव्हते. चर्चमध्ये जाणे तर बंदच झाले होते. मी मानसोपचार घेतले, काही महिने गोळ्याही घेतल्या. त्यांचा उपयोग झाला, हे मुद्दाम लिहिते. श्रद्धेने औषधाची जागा घ्यावी असे मला म्हणायचे नाही.

त्याच काळात माझी मावशी महिनाभर राहायला आली. जन्मभर नर्सचे काम केलेली, कमी बोलणारी बाई. एका रात्री तिने लूकच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायातली गोष्ट काढली. अठरा वर्षे कंबरेत वाकलेली, वर पाहता न येणारी एक बाई सभास्थानात येते. गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती. मावशी म्हणाली, “अगं, नीट वाच. ती काही मागायला आली नव्हती. त्यानं तिला पाहिलं आणि बोलावलं. आधी नवऱ्याला क्षमा करून ये, म्हणाला का? किती विश्वास आहे ते विचारलं का?”

मी पुन्हा वाचले. तिला त्याने काहीच विचारले नव्हते. दिवस शब्बाथाचा, काम वर्ज्य असलेला. तो मोडून त्याने तिला सरळ उभे केले. सभास्थानाचा अधिकारी चिडला, पण येशूला सरळ काही न बोलता लोकांवर ओरडला. यायचे तर बाकीच्या सहा दिवशी या, म्हणाला. येशूने उलट विचारले की शब्बाथाच्या दिवशी बैलाला, गाढवाला सोडून पाण्यावर नेता, मग या बाईला का सोडायचे नाही? आणि सगळ्या पुरुषांसमोर तिला अब्राहामाची कन्या म्हटले. तिच्या समाजात हा मान ‘अब्राहामाचे पुत्र’ म्हणून सहसा पुरुषांकडे असायचा.

त्या रात्री मी फार रडले. मला जे समजले ते साधे होते. माझी किंमत नवऱ्याने ठरवलेली नव्हती. म्हणून ती त्याला काढून घेता येत नव्हती. पाळकसाहेबांनाही नाही. हेच मी चळवळीच्या भाषेत शंभर वेळा ऐकले होते. पण माझ्या आत जिथे जखम होती तिथे बोलली जाणारी भाषा प्रार्थनेची होती. ‘तू वाईट बायको आहेस’ हे मला देवाच्या नावाने सांगितले गेले होते. ते खोडून काढायलाही देवाचेच नाव लागले. बरे व्हायला पुढे दोन वर्षे गेली. पण सुरुवात त्या रात्री झाली.

हा काही माझ्या एकटीचा अनुभव नाही. महाराष्ट्रात स्त्रियांच्या चळवळीचा इतिहास सांगताना आपण पंडिता रमाबाईंचे नाव पहिल्या ओळीत घेतो. ‘स्त्रीधर्मनीती’ लिहिणाऱ्या, हंटर आयोगापुढे स्त्री डॉक्टरांची मागणी करणाऱ्या, १८८९ साली मुंबईत शारदासदन काढणाऱ्या रमाबाई आपल्या असतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेणाऱ्या रमाबाईंशी काय करावे हे मात्र आपल्याला कळत नाही. पण त्यांच्याच साक्षीत त्यांनी कारण सांगून ठेवले आहे. लंडनमध्ये फुलहॅमला जोगिणींनी चालवलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने वागवले जात होते. असे का, हे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने त्यांना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई, आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी धर्माची चर्चा करणारा येशू. ज्या शास्त्रांत आपल्याला मोक्षाचा अधिकार नाही असे त्यांना दिसले होते, ती शास्त्रे रमाबाईंना पाठ होती. त्यांना ही गोष्ट का भिडली असेल, हे वेगळे सांगायला नको.

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी १८९६–९७ च्या दुष्काळातल्या शेकडो मुलीबायकांना आणले. तिथे बायकांनी शेती केली, विणकाम केले, छापखाना चालवला. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन काढले. शेवटची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्यात घालवली. साधी बाई स्वतः वाचू शकेल असे शास्त्र त्यांना हवे होते.

आणि याच रमाबाईंनी इंग्लंडमधल्या धर्मगुरूंचे सगळे निमूट ऐकले नाही. एका पुरोहितशाहीतून सुटलेय ती दुसरीच्या हाती जायला नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे श्रद्धा आणि बंड एकाच बाईत होते. आपण तिची श्रद्धा वगळतो, चर्च तिचे बंड वगळते. दोघांनी मिळून बाई अर्धी करून टाकली आहे.

चर्चची बाजू घ्यायला मी हे लिहीत नाही. १८६९ चा ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा आठवा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसती मारहाण हे कारण धरले जात नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली त्या कलमातला भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि संसदेने कायदा बदलला तो २००१ साली. ख्रिस्ती बायका आणि स्त्री-संघटना झगडल्या, म्हणून हे झाले. वेदीवरून आजही अधीनतेचा उपदेश होतो. मार खाणाऱ्या बाईला क्रूस वाहायला सांगितले जाते. प्रार्थनेने बरे होईल म्हणून गोळ्या बंद करायला लावणारे लोकही मी पाहिले आहेत. जात तर चर्चच्या पायरीशी थांबलेली नाहीच.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करते. आमच्या केंद्रात सर्व धर्मांच्या बायका येतात. तिथे मी कधी कुणाला येशूबद्दल सांगितलेले नाही, सांगणारही नाही. खचलेली बाई समोर असताना, तिचा अर्ज आपल्या हातात असताना, तिच्यापुढे आपला धर्म ठेवणे हा अधिकाराचा गैरवापर आहे. पण तिच्या हातातला आधार काढून घेणे हाही गैरवापरच आहे. शिबिरात आपण तोच केला.

आपण सगळ्यांशी असे वागत नाही. जात्यावरच्या ओव्यांतला विठोबा आपण प्रेमाने छापतो, बाईने देवाजवळ मन मोकळे केले म्हणतो. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी धम्म दिला, तो आपण स्वाभिमानाचा लढा मानतो, आणि तो तसा आहेच. मग ख्रिस्ती बाईने ‘मला प्रभूने माणूस केले’ म्हटले की आपण का चुळबुळतो? परका धर्म, मिशनऱ्यांचे आमिष, असे जे बाहेर बोलले जाते ते आपल्याही मनात कुठे तरी शिरले आहे का, हे तपासायला हवे.

माझे म्हणणे एवढेच आहे. बाई श्रद्धेबद्दल बोलते तेव्हा ते खरे की खोटे हे ठरवायला बसू नये. ती श्रद्धा तिला काय करते ते विचारावे. तिला सरळ करते की वाकवते? शास्त्र ती स्वतः वाचते की दुसरा कुणी तिच्या वतीने वाचतो? त्या श्रद्धेत तिला रागवायची, नाही म्हणायची, घर सोडायची मुभा आहे का? वाकवत असेल तर तिच्या बाजूने भांडू. सरळ करत असेल तर त्या आधारावर हात कशाला टाकायचा? हे प्रश्न कुठल्याही धर्माच्या बाईला विचारता येतील. आपल्या विचारसरणीलाही विचारता येतील.

शिबिरानंतर महिन्याने मी त्या बाईच्या घरी गेले. मीही ख्रिस्ती आहे, तेव्हाच बोलायला हवे होते, माझे चुकले, असे सांगितले. तिने चहा टाकला. म्हणाली, “ताई, मी माझ्या पायांनी उठले हे खरंच हाय. त्या बाई काय खोटं नाही बोलल्या. पण मला कुणीतरी हाक मारली होती ना, ती मी कशी विसरू?”

तिच्या बोलण्यात दोन्ही गोष्टींना जागा होती. आमच्या टाळ्यांत नव्हती. यंदाच्या शिबिरात ‘मी आणि माझी श्रद्धा’ असे एक सत्र ठेवावे असे मी संस्थेत सुचवले आहे. वाद होईल, व्हायला हवा. श्रद्धा सोडून मोकळ्या झालेल्या मैत्रिणींनीही त्यात बोलावे, त्यांचेही तितकेच खरे आहे. मात्र त्या सत्रात कुणी कुणाचे वाक्य दुरुस्त करायचे नाही, एवढा एकच नियम ठेवू.