विश्लेषण : ट्रम्प यांचे शुल्क, खान्देशचा कापूस... अमेरिकेत कर लावण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि रशियन तेलखरेदीचे कारण देत २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के असे एकूण ५० टक्के अतिरिक्त शुल्क लावले. त्याची झळ जळगाव, धुळ्यातील कापूस उत्पादकांपर्यंत पोहोचली. या शुल्काच्या वैधतेवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ नोव्हेंबरला सुनावणी झाली. या निमित्ताने अमेरिकी राज्यव्यवस्था कशी चालते, हे समजून घेऊ या.

राज्यघटना काय सांगते?

अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये तयार झाली. तिच्या पहिल्याच अनुच्छेदात कर आणि आयातशुल्क लावण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला दिला आहे. प्रतिनिधीगृहात ४३५ आणि सिनेटमध्ये १०० सदस्य असतात. अध्यक्ष वेगळ्या निवडणुकीतून येतो. तो व त्याचे मंत्री काँग्रेसचे सदस्य नसतात. कायदा करणारे, राबवणारे आणि त्याचा अर्थ लावणारे वेगळे ठेवायचे आणि एकाने दुसऱ्यावर अंकुश ठेवायचा, ही त्यामागची कल्पना.

मग अध्यक्षांनी शुल्क लावले कसे?

डोनाल्ड ट्रम्प यांनी १९७७ च्या आंतरराष्ट्रीय आणीबाणी आर्थिक अधिकार कायद्याचा आधार घेतला. राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केल्यावर परदेशांशी होणाऱ्या व्यवहारांचे, आयातीचे ‘नियमन’ करण्याची मुभा हा कायदा अध्यक्षांना देतो. मात्र त्यात ‘शुल्क’ हा शब्द कुठेच नाही. नियमनात करआकारणी येते का, हाच वादाचा मुद्दा होता.

न्यायालयांनी काय म्हटले?

अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने २८ मे रोजी या कायद्याखालील शुल्क बेकायदा ठरवले. अपील न्यायालयानेही २९ ऑगस्टला ७ विरुद्ध ४ मतांनी तोच कौल दिला. पण पुढील अपिलासाठी शुल्क कायम ठेवले. सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी कर लादणे हा काँग्रेसचा मूळ अधिकार असल्याकडे लक्ष वेधले. नऊपैकी किमान पाच न्यायाधीशांचे मत निर्णायक ठरणार होते.

काँग्रेस हे रोखू शकत नाही का?

शकते, पण वाट अवघड आहे. आणीबाणी संपवण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावा लागतो. त्यावर अध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात. तो मोडून काढायचा तर दोन्हीकडे दोनतृतीयांश मते लागतात. सध्या दोन्ही सभागृहांत ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे बहुमत आहे.

खान्देशशी संबंध काय?

भारतीय वस्त्रोद्योगासाठी अमेरिका ही सर्वात मोठी बाजारपेठ. शुल्क भरतो तो तेथील आयातदार. पण तो भारतीय पुरवठादाराकडे दर कमी करून मागत असे किंवा २०२५ मध्ये २० टक्के शुल्क असलेल्या बांगलादेश, व्हिएतनामकडे वळत असे. गिरण्यांचा कच्चा माल स्वस्त व्हावा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले. सुरुवातीला ३० सप्टेंबरपर्यंत असलेली ही सवलत नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

वेचणीचा हंगाम नेमका याच काळात येतो. बाहेरचा कापूस स्वस्त झाला की जिनिंगचालक आणि खेडा खरेदीचे व्यापारी स्थानिक मालाला जादा दर देत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये, तर मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये क्विंटल होता. तो मिळवायचा तर भारतीय कापूस महामंडळाचे (सीसीआय) केंद्र गाठावे लागते. त्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी हवी आणि मालातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत. विशेष म्हणजे भारताला कापूस विकणाऱ्या प्रमुख देशांत अमेरिकाही आहे.

अमेरिकी राजकारणाचा असा फटका किंवा लाभ या भागाला नवा नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा खान्देश, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपताच तो कोसळला.

भारतात वेगळे काय?

कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही, असे आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो. मात्र सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २५ नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून शुल्कातून सूट देऊ शकते. कापसावरील माफी याच मार्गाने आली. फरक असा, की आपल्याकडे सरकार लोकसभेतील बहुमतातून बनते आणि तिलाच उत्तरदायी असते. त्यामुळे शेतकऱ्याचा प्रश्न खासदारामार्फत थेट मंत्र्याला विचारता येतो.

पुढे काय?

निकाल ट्रम्प यांच्या विरोधात गेला तरी शुल्काचा विषय संपणारा नव्हता. १९७४ च्या व्यापार कायद्याखाली अध्यक्ष १५० दिवसांसाठी कमाल १५ टक्के शुल्क लावू शकतात. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली पोलाद, ॲल्युमिनियमवर लावलेले शुल्क तर वेगळ्याच कायद्याखाली आहे. खान्देशसाठी मात्र महत्त्वाची तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती. कापसावरील शुल्कमाफी त्यानंतर थांबते की वाढते, यावर घरात साठवलेल्या कापसाचा भाव बराचसा अवलंबून होता.