सांभाळणे आणि सोपविणे

रस्त्यावर जखमी होऊन पडलेला कुत्रा घरी आणणे हे दयेचे काम आहे, यात शंका नाही. परंतु ते काम त्याला घरी आणल्याने संपत नाही. खरे पाहता ते तेथून सुरू होते. अशा कुत्र्याला कायमचे घर मिळेपर्यंत काही कुटुंबे त्याला आपल्याकडे ठेवून घेतात. त्यांच्यावर दोन जबाबदाऱ्या येतात : एक त्याला सांभाळण्याची आणि दुसरी त्याला सोपविण्याची. पहिलीचे कौतुक सारेच करतात. दुसरी अधिक कठीण असते, आणि तिच्यातील एक चूक पहिलीचे सारे श्रम वाया घालविते.

कुत्र्याने पोळी पळविली तेव्हा संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. तिच्यातील भूतदया सर्वांना दिसते. पण पोळी मिळाली म्हणून नामदेव तेथेच समाधान मानीत नाहीत. त्या मुक्या जीवाला काय मिळायचे राहिले, इकडे त्यांचे लक्ष असते. कुत्रा सांभाळणाऱ्याने हीच दृष्टी ठेवावयास हवी.

मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या मिरा-भाईंदर शहराचेच उदाहरण घ्यावे. जेथे एके काळी मिठागरे आणि भातखाचरे होती, तेथे आज पुष्कळ ठिकाणी उंच इमारती उभ्या आहेत. 2002 साली तेथे महानगरपालिका झाली. घरे दोन-तीन खोल्यांची, आणि एका घराची भिंत तीच शेजारच्या घराची. अशा एखाद्या घरात, सातव्या मजल्यावर, वर्षा-दीड वर्षाचा तरणाबांड गावठी कुत्रा राहावयास आला, की काय घडते? घरची माणसे सकाळच्या गाडीने कामावर जातात ती रात्री परततात. तोपर्यंत चपला कुरतडलेल्या असतात, उशीचा कापूस खोलीभर झालेला असतो, आणि दिवसभराच्या भुंकण्याने शेजारी वैतागलेले असतात. लोक म्हणतात, “कुत्रा वाईट आहे.”

हा निवाडा मुळीच न्याय्य नाही. गावठी कुत्र्याच्या पूर्वजांनी शेकडो पिढ्या राखण केली, गुरांमागे धाव घेतली, मैलोगणती हिंडून अन्न हुंगून काढले. त्यासाठीच त्याचे चपळ पाय, उभे कान आणि तीक्ष्ण नाक आहे. असा प्राणी बंद दाराआड दहा तास काय करणार? तो वाईट नसतो, तो बेकार असतो. मार्च 1993 मधील स्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या जंजीर नावाच्या लॅब्राडॉर कुत्र्याने लपविलेली स्फोटके शोधून अनेकांचे प्राण वाचविले. 2000 साली तो वारला, तेव्हा त्याला पोलिसी इतमामाने निरोप देण्यात आला. जंजीरची जात निराळी व शिक्षण निराळे, हे खरे. पण त्याच्या अंगातही हाच उत्साह होता. त्याला काम मिळाले, एवढेच.

म्हणून तात्पुरता सांभाळ करणाऱ्याचे पहिले कर्तव्य कुत्र्याला काम देणे हे होय. पहाटे आणि सूर्यास्तानंतर त्याला भरपूर हिंडवावे. भर दुपारी नव्हे, कारण कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर निववितो, आणि तापलेल्या डांबराने त्याचे तळवे पोळतात. वाटेत त्याला मनसोक्त हुंगू द्यावे. भाकरीचे तुकडे जुन्या कापडाच्या घड्यांत लपवून शोधावयास लावले, तर पाव तासाच्या त्या शोधानेही तो बराच शांत होतो. रेबीजची लस टोचून घेणे, जंतांचे औषध देणे आणि योग्य वयात निर्बीजीकरण करणे, याविषयी तर दुमत असूच नये.

दुसरे कर्तव्य त्याला ओळखण्याचे. नव्या घरात पहिले काही दिवस कुत्रा बावरलेला असतो. त्याचा खरा स्वभाव उमगावयास काही आठवडे जातात. तो फटाक्यांना भितो काय, लहान मुलांवर उड्या घेतो काय, एकटा किती वेळ राहतो, हे एखाद्या वहीत टिपून ठेवावे. त्या वहीवाचून घर शोधणे म्हणजे माप न घेता अंगरखा शिवणे.

घराची निवड दिसते तितकी सोपी नसते. याच शहराच्या पश्चिम टोकाला समुद्रकाठी उत्तन हे कोळ्यांचे गाव आहे. तेथे अंगणे आहेत, मोकळा वारा आहे, बांबूंवर बोंबील वाळत असतात. इमारतीतल्या खोलीपेक्षा अंगण बरे, असे कोणालाही वाटेल. परंतु अंगणात दिवसभर साखळीने बांधलेल्या कुत्र्यापेक्षा, तिसऱ्या मजल्यावर राहून रोज दोन वेळा तासतासभर हिंडणारा कुत्रा अधिक सुखी असतो. जागा किती आहे, यापेक्षा वेळ किती आहे, हे आधी विचारावे. मुलीसाठी स्थळ पाहताना वडीलधारी माणसे जशी चौकशी करतात, तशीच ही चौकशी. तिच्यात संकोच धरू नये.

कधी एखादा मुलगा हट्ट धरतो, “मला हाच कुत्रा हवा.” त्याचे प्रेम खरे असते. पण कुत्रा बारा-पंधरा वर्षे जगतो, आणि हट्ट पुष्कळदा परीक्षेपर्यंतही टिकत नाही. घरातील मोठी माणसे मनापासून तयार नसतील, तर नकार द्यावा. तो नकार कठोर वाटतो. परंतु चुकीच्या घरी गेलेला कुत्रा महिन्याभरात परत येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे रात्री दूरच्या रस्त्यावर सोडून दिला जातो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 साली झाला. पाळलेल्या प्राण्याला उपासमारीच्या स्थितीत वाऱ्यावर सोडणे हा त्यानुसार गुन्हा आहे. पण दुसऱ्यांदा टाकला गेलेला कुत्रा माणसावर विश्वास ठेवावयास किती कचरतो, ते कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नसते.

आणि योग्य घर मिळाले, तर? तेव्हा जिवाला लागलेला प्राणी स्वतःच्या हाताने द्यावा लागतो. “इतका लळा लावला आणि देऊन टाकला!” असे शेजारी बोलतात. त्यांचे बोलणे मनाला लागते, तरी ते बरोबर नाही. तो कुत्रा ठेवून घेतला, तर त्याची जागा भरते, आणि पुढच्या जखमी कुत्र्याला दार बंद होते. जाताना त्याच्याबरोबर त्याचे अंथरूण द्यावे, कारण ओळखीचा वास त्याला धीर देतो, वहीही द्यावी. आठवड्याभराने चौकशी करावी, आणि पुन्हा महिन्याने. नव्या माणसांना तो जड जात असेल, तर त्यांना दोष न देता त्याला परत आणावे, आणि शोध पुन्हा सुरू करावा.