आधी पाणी, मग तेल

नवा माठ आणला की गृहिणी आधी काठोकाठ पाणी भरून पाहते. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ, फ्लोरेफ येथे, एवढेही धड झाले नाही. ४० वर्षांची जुनी टाकी दुसरीकडून सुटी करून आणली, पुन्हा जोडली आणि पाण्याची पुरती परीक्षा न घेताच डिझेलने भरली. २ जानेवारी १९८८ रोजी ती फुटली. सुमारे ७,५०,००० गॅलन डिझेल मोनोंगाहिला नदीत गेले; खालच्या अंगाच्या हजारो लोकांचे नळ कोरडे पडले. तेव्हा कुठे १९८९ मध्ये पेनसिल्व्हानिया राज्याने नवा कायदा केला: टाक्यांची नोंदणी, मुदतीने तपासणी, तेल सांडल्यास काठच्या पाणीपुरवठ्यांना तत्काळ वर्दी. मी म्हणतो, टाकीप्रमाणे कायदाही वेळीच तपासावा. गळती कळायला नदीच कशाला हवी?