तसवीर नको, फ्लेक्स चालतो!

मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरून पायी निघाले तरी पाऊण-एक तासात काळा घोडा येतो. तिथे जहांगीर आर्ट गॅलरी आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ती १९५२ साली उभी राहिली. (आमच्यातल्या पुष्कळांचा समज असा की हे नाव जहांगीर बादशहाचे! ते कावसजींच्या दिवंगत मुलाचे आहे.) आत जायला पैसे पडत नाहीत. आठवड्या-आठवड्याला प्रदर्शने बदलतात. एका दालनात निसर्गचित्रे, दुसऱ्यात ब्राँझची नि लाकडाची शिल्पे, कधी काचेच्या आणि फरशीच्या तुकड्यांतून जुळवलेले मोझॅक. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणारे लोक. आमच्या वर्गातल्या मुलांनी राणीचा बाग पाहिलेला असतो, मत्स्यालय पाहिलेले असते, हाजी अली आणि गेटवे तर पाठच असतात. या इमारतीत मात्र कुणी गेलेले नसते. आणि तिथे त्यांना नेले पाहिजे असे पालकसभेत सुचवले, की पहिला प्रश्न येतो, "सर, वहाँ तसवीरें होंगी ना?"

होय, तसवीरच असते. ती पाहायलाच जायचे असते.

समाजाची गरिबी, शिक्षणातली पीछेहाट हे सारे खरे आहे. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हापासून आम्ही ते आकडे प्रत्येक व्यासपीठावर ऐकत आणि ऐकवत आलो आहोत. परंतु जिथे तिकीटच नाही तिथे गरिबीचे कारण कसे पुरेल? कारण दुसरे आहे, आणि ते मनातले आहे. चित्र म्हणजे गुनाह, मूर्ती म्हणजे तर विचारायलाच नको. आता हाच पालक ईदच्या दिवशी मोहल्ल्याच्या नाक्यावर वीस फुटी फ्लेक्स लावतो. त्यावर नगरसेवक, त्याचा भाऊ, त्याच्या भावाचे दोस्त आणि कोपऱ्यात खुद्द स्वतः, काळा चष्मा घालून! शादीचा व्हिडिओ चार तासांचा. मदरशाच्या जलशाच्या पोस्टरवर मौलानांचा फोटो. त्या वेळी कुणाला तसवीर आठवत नाही. हाताने, मेहनतीने, पाहून-समजून काढलेले चित्र तेवढे हराम, आणि मशीनमधून मीटरवर निघालेले हलाल, हा फतवा कोणत्या किताबात आहे ते आम्हाला कुणी दाखवावे.

आम्ही आलिम नाही. चित्र काढणाऱ्यांबद्दल कडक ताकीद देणाऱ्या हदीस आहेत हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्या आम्ही लपवत नाही. ज्यांचा त्यांवर मनापासून अमल आहे, जे फोटोही टाळतात, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. अशी माणसे फार थोडी आहेत. पण सहीह बुखारीतच हेही आहे, की चित्रे काढून पोट भरणारा एक इसम हजरत इब्न अब्बास यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला झाडे आणि ज्यात रूह नाही अशा वस्तू काढायची वाट दाखवली. हजरत आयेशांच्या बाहुल्यांची रिवायतही तिथेच आहे. हे कुणी सांगत नाही. अर्धे सांगायचे नि अर्धे गिळायचे, याला दीनदारी म्हणत नाहीत.

मोझॅकचेच घ्या. जेरुसलेमच्या कुब्बतुस्सखराच्या भिंती हिजरी ७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ६९१-९२ च्या सुमारास, काचेच्या रंगीत नि सोनेरी तुकड्यांनी मढवल्या गेल्या. त्यानंतर काही वर्षांतच खलिफा वलीद यांनी दमास्कसची जामा मशीद बांधली. तिच्या भिंतींवर नदी आहे, नदीकाठी मोठमोठी झाडे आहेत, महाल आणि पूल आहेत. माणूस वा जनावर एकही नाही. तरी ते चित्रच आहे, आणि ते मशिदीत आहे. स्पेनमध्ये दहाव्या शतकात कुर्तुबाच्या मशिदीचा मेहराब सजवायचा होता तेव्हा मोझॅकचे तुकडे आणि कारागीर कुस्तुंतुनियाच्या ख्रिस्ती बादशहाकडून मागवल्याचे जुने इतिहासकार सांगतात. नमाजी ज्या दिशेला तोंड करतो त्या भिंतीसाठी दुसऱ्या धर्माच्या कारागिराचा हात चालला! आज आपल्याला फुकटच्या प्रदर्शनात बाजूच्या दालनातला पुतळा चालत नाही.

इतके लांब जायचीही गरज नाही. आपल्या अहमदनगरचे, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, निजामशाही दरबारात सोळाव्या शतकात 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे फारसी काव्य लिहिले गेले. कवी आफताबी, आणि वर्णन पहिल्या हुसेन निजामशहाचे. त्यात चित्रे आहेत, आणि दख्खनी चित्रशैलीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत ती मोजली जातात. ती पोथी आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्या चित्रांत बादशहाशेजारी बसलेली मलिका खुंजा हुमायून, म्हणजे चांदबीबीची आई, बहुतेक ठिकाणी नंतर कुणीतरी रंग फासून पुसून टाकली आहे. काढणाराही आपला आणि पुसणाराही बहुधा आपलाच. आम्हाला वाटते, आपला सगळा झगडा त्या एका पोथीत आहे. 'मराठी आमची मातृभाषा' असे ठणकावून आपण १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवले. भाषेवरचा हक्क सांगितला, बरे केले. या मातीतल्या चित्रावरचा हक्क कोण सांगणार?

आता हुसेन. त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही आणि नेमके तिथेच सगळे गप्प होतात. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले. बडोद्याच्या मदरशात त्यांनी खुशनवीसी गिरवली, मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवली. त्यांच्या चित्रातली रेष पाहा, ती कलम धरलेल्या हाताची आहे. १९९६ साली अहमदाबादेत गॅलरीत घुसून त्यांची चित्रे जाळली-फाडली गेली. १९९८ मध्ये त्यांच्या मुंबईच्या घरावर हल्ला झाला. हिंदुत्ववाद्यांनी देशभर खटले गुदरले. तेव्हा मोहल्ल्यात एकच सूर होता, 'अपने आदमी पर जुल्म हो रहा है.' ठीक. मग २००४ साली त्यांच्या 'मीनाक्षी' सिनेमातल्या एका कव्वालीवर कुणी आक्षेप घेतला? आपल्याच संघटनांनी! सिनेमा थिएटरांतून काढून घ्यावा लागला. बजरंग दलाला जे करायला लाठ्या लागल्या ते आपण निवेदनावर केले. २००६ मध्ये नव्वदीचा तो म्हातारा देश सोडून गेला. २००८ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण तो काही परत येऊ शकला नाही. २०१० ला कतारचे नागरिकत्व, २०११ ला लंडनमध्ये इंतकाल. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचे 'ग्रामयात्रा' सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले, तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप गटांवर अभिमानाच्या माश्या घोंगावल्या. ज्यांनी ती बातमी पुढे पाठवली त्यांपैकी किती जणांनी हुसेनचे एक तरी चित्र, छापील का होईना, नीट पाहिले होते? आपल्याला हुसेन हवे ते जखमी म्हणून किंवा करोडपती म्हणून. चित्रकार म्हणून ते कधीच नको होते.

तैयब मेहतांनी १९४७ च्या दंग्यात मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठेचून मारलेले पाहिले. ते दृश्य त्यांच्या कोसळणाऱ्या आकृत्यांत आयुष्यभर येत राहिले. रस्ता आपला, दंगा आपल्या दारातला. चित्र परक्यांच्या दिवाणखान्यात. अकबर पदमसींवर १९५४ मध्ये जहांगीरमधल्याच चित्रांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि ते सुटले. नसरीन मोहम्मदी तर फक्त रेषा काढत. ना चेहरा, ना देह. कडव्यातल्या कडव्या माणसालाही तिथे बोट ठेवायला जागा सापडणार नाही. १९९० साली आपल्या कोकणात, अलिबागजवळच्या किहीमला त्या गेल्या. आपल्या किती शाळांतल्या मुलींनी हे नाव ऐकले आहे?

शाळांचे सांगायचे तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच सहावी ते आठवीला शंभरावर मुले असतील तिथे कलेचा अर्धवेळ शिक्षक सांगितलेला आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या शिक्षकाला मिळालेला जादा तास. शासनाच्या एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन हे विषय असतात. सुरई, वांगी, फुलापानांची नक्षी. स्मरणचित्रात माणसे येतात हे कबूल. पण बाकीच्यात काय हराम आहे? आमच्या एका विद्यार्थिनीने एलिमेंटरीत 'अ' श्रेणी मिळवली. इंटरमिजिएटच्या फॉर्मची वेळ आली तेव्हा घरून नकार आला. तिचे वालिद काय करतात? गच्चीवर चायना मोझॅक बसवतात. फुटक्या फरश्यांचे पांढरे-निळे तुकडे हातोडीने तासून, उतार सांभाळून, असे बसवतात की एक सांधा डोळ्यांना टोचू नये. हाच माल अहमदाबादच्या 'गुफा'च्या घुमटांवर बसवला की ती दोशी आणि हुसेन यांची जगप्रसिद्ध वास्तू होते. त्या गृहस्थांना आम्ही म्हणालो, "चाचा, आपका काम भी आर्ट है." ते हसले. म्हणाले, "आर्ट नहीं सर, वॉटरप्रूफिंग."

त्या हसण्याचा दोष एकट्या मोहल्ल्याचा नाही. शहरातल्या एका गॅलरीच्या दारात आमच्या बुरख्यातल्या मुलींना "काय काम आहे?" असे विचारले गेले. चित्र पाहायला आलेल्या माणसाला काय काम असणार? आत माहितीपत्रके बहुधा इंग्रजीत, मराठी क्वचित, उर्दूचे नाव नको. उद्घाटनाला तेच ते पाहुणे. कारागिराच्या कामाला 'क्राफ्ट' म्हणून बाजूच्या टेबलावर ठेवायचे आणि त्याच पद्धतीचे कलाशाळेतून आलेले काम भिंतीवर टांगायचे, ही या कलाविश्वाची जातव्यवस्था आहे. पण दारावरच्या माणसाने विचारले म्हणून परत फिरायचे नसते. त्या दिवशी मुली आत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा दोघींचे एका शिल्पावरून भांडण चालू होते. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत आम्ही असे भांडण वर्गात ऐकले नव्हते.

म्हणून आम्ही मशिदींच्या विश्वस्तांकडे एक जाहीर मागणी करतो. ठिकठिकाणी मशिदींची डागडुजी चालू आहे, आणि भिंतींना मोरबीच्या छापील टाइल्स लागत आहेत. कमळ, मोर वगळून काय मिळेल ते. वजूखान्याची एक भिंत आमच्या शाळेच्या मुलांना द्या. नक्षी मुली काढतील, बेलबुट्टी आणि भूमितीचीच. बसवायला चाचा आहेत. फुटक्या फरश्यांचे तुकडे आम्ही जमा करू.